गावच्या घराला वणव्यापासून वाचवायचंय? सुरुवात गडग्यापासून नको, भिंतीपासून करा

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलंय. बरंच लांब आहे म्हणून मुद्द्याचं तेवढं इथे देते.

"माझं माहेर राजापूर तालुक्यात, सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, खाली उतारावर घर आहे, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. आई-बाबा दोघंच असतात, बाबा ७४ चे, आई ६८ ची, एक गाय आणि पाडी. गेल्या मार्चमध्ये दुपारी खालच्या बाजूने वणवा आला, वाडीतल्या माणसांनी डहाळ्यांनी झोडपून हद्दीच्या दगडी गडग्यापाशी विझवला. सगळे पाणी प्यायला बसले आणि अर्ध्या तासाने घराच्या मागची पेंढ्याची उडवी पेटली, सोबत काजूची झाडं गेली. आग तर गडग्याच्या आत आलीच नव्हती, मग उडवी पेटली कशी? शेजारच्या घराशी आमचं हद्दीवरून जुनं आहे, बाबांच्या डोक्यात बसलंय की त्यांनीच लावली, तेव्हापासून बोलणं बंद. भाऊ पुण्याला असतो, तो म्हणतो घराजवळचे दोन्ही आंबे तोडू, सगळीकडे काँक्रीट करू आणि कौलं काढून पत्रे घालू. आई म्हणते पेंढा लांब ठेवला तर रोज कोण आणणार. आणि दोघंही म्हणतात की पुन्हा आग आली तरी घर सोडून जाणार नाही. मला रात्री झोप येत नाही, फेब्रुवारीच्या आत काय काय करू ते सांगा."

ताई, आधी तो शेजाऱ्यांवरचा संशय बाजूला ठेवूया, कारण त्याचं उत्तर मिळालं की पुढचं सगळं आपोआप कळत जातं. तुम्ही लिहिलंय ते वाचून मला तरी वाटतं की ती उडवी कोणी लावलेली नाही, ती ठिणगीने पेटलीय. वणवा म्हणजे आपल्या डोळ्यासमोर ती पुढे सरकणारी ज्वाळांची रांग येते आणि आपण सगळं लक्ष तिच्याकडे देतो, पण घरं आणि गंज्या जळतात त्या जास्त करून वाऱ्याबरोबर उडून येणाऱ्या जळक्या पानांनी, सालींच्या तुकड्यांनी, गवताच्या काड्यांनी. शंभर-दोनशे फूट तर ती सहज येतात, मोठी आग असेल तर त्याहून कितीतरी लांब. आणि अशी ठिणगी पेंढ्यात पडली की लगेच भडका उडतोच असं नाही, ती आत धुमसत राहते, अर्धा तास, तासभर, कधी त्याहूनही जास्त, आणि मग वाऱ्याची एक झुळूक आली की पेट घेते. तोपर्यंत माणसं घरी गेलेली असतात. तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं दिसतंय, दुपारची वेळ, खालून वर येणारा खारा वारा, आणि उडवी वाऱ्याच्या वाटेत. बाबांना हे शांतपणे समजावून सांगा, जमलं तर शेजाऱ्यांच्या दारात जाऊन दोन शब्द बोला, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातलं अर्धं काम त्या शेजाऱ्यांशिवाय होणारच नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये पॅराडाइज नावाचं गाव ८ नोव्हेंबर २०१८ ला वणव्यात जवळजवळ सगळं गेलं, ८५ माणसं गेली, १८ हजारांहून जास्त घरं-इमारती जळल्या. नंतरच्या फोटोंमध्ये एक गोष्ट ठळक दिसते, घराची राख झालीय आणि त्याच घराच्या शेजारचं झाड उभं आहे, काहींची पानंसुद्धा शिल्लक. म्हणजे तिथे झाडांनी घर पेटवलेलं नाही, उडून आलेल्या ठिणग्यांनी पेटवलंय, आणि मग एका घराने दुसऱ्याला. तिकडे जॅक कोहेन म्हणून वनखात्याचे संशोधक होते, त्यांनी आयुष्यभर हेच सांगितलं की घर वाचणार की नाही हे जंगलात नाही ठरत, घर आणि त्याच्या भोवतीचे शंभरेक फूट यात ठरतं. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला तो तर भिंतीला लागून असलेल्या पहिल्या पाच फुटांसाठी, तिथे जळण्यासारखं काही असूच नये म्हणून. आपलं कोकण म्हणजे कॅलिफोर्निया नाही, आपल्याकडे गवताची आग, ती लवकर येते लवकर जाते, घरं लाकडाची नाहीत. पण ठिणगी इथे तिथे सारखीच वागते.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते हे. आपली गावची घरं पावसासाठी तयार केलेली असतात, वणव्यासाठी नाही, आणि गंमत अशी की पावसाची तयारी आपण नेमकी वणव्याच्या दिवसात करतो. वनखातं आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतं. आणि आपल्याकडे मार्चपासून मे पर्यंत काय चालू असतं बघा, पावसाळ्याच्या बेगमीची लाकडं फोडून पडवीच्या कडेला रचतात, शेणी थापून भिंतीला लावून ठेवतात, पावसाची झड आत येऊ नये म्हणून नारळाचे झाप विणून आणून ठेवतात, नारळाची सोडणं आणि करवंट्या न्हाणीच्या बाजूला ढीग करून, भाताचा पेंढा तर आधीपासून आहेच. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्यात घराच्या चारही बाजूंनी आपण स्वतःच्या हाताने सरपण रचून ठेवतो. आणि शाकारणी, जिच्यात छप्पर साफ होतं, तुटकी कौलं बदलतात, ती मे च्या शेवटी, म्हणजे वणव्याचा धोका संपत आल्यावर. कोणाची चूक नाही यात, पूर्वी माणसं भरपूर होती, गुरं भरपूर होती, सगळं गवत कापलं किंवा चरलं जायचं, घराभोवती रान माजायचंच नाही. आता निम्मी घरं बंद, गुरं गेली, गवत कमरेएवढं वाढतं आणि तसंच वाळतं. तेव्हा कामं तीच ठेवायची, फक्त त्यांचे महिने आणि जागा बदलायच्या. आत्ता दिवाळी होऊन गेलीय, गवत पिवळं पडायला लागलंय, तुमच्या हातात अजून तीन महिने आहेत.

सुरुवात भिंतीपासून करा आणि बाहेर बाहेर जा. बहुतेक जण उलटं करतात, लांबच्या बांधावर जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेला पट्टा, काढून दमतात आणि घराच्या मागे पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, तसाच. भिंतीपासून पाच-सहा फूट, चारही बाजूंनी, जळण्यासारखी एकही वस्तू नको. लाकडं नकोत, शेणी नकोत, झाप नकोत, हिरांच्या केरसुण्या, पोती, जुना पलंग, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आंब्याच्या पेट्या आणि त्यातलं गवत, ती निळी ताडपत्री, हिरवी शेडनेट, काहीच नको. तुमचा भाऊ काँक्रीट म्हणतोय त्याची काही गरज नाही, सारवलेलं अंगण यासाठी उत्तम आहे, मातीला आग लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि पावसाचं पाणी पण मुरतं. जिथे सारवणं आईला जमणार नाही त्या बाजूला, म्हणजे बहुतेक मागे आणि गोठ्याच्या कडेला, चिऱ्याच्या कपच्या किंवा खडी पसरून टाका, तिच्यावरून पातेरा झाडणं सोपं जातं. सगळ्यात वाईट जागा म्हणजे न्हाणीचा कोपरा, तिथे चूल, तिथेच सोडणं, तिथेच लाकडं आणि वर छपराची पागोळी खाली आलेली. तिथे एका दिवसापुरतं जळण ठेवा, बाकी सगळं लांब. आणि चुलीतली राख परसात फेकण्याआधी तिच्यावर तांब्याभर पाणी, कारण वरून विझलेली दिसणारी राख आत दुसऱ्या दिवशीपर्यंत गरम असते आणि परसातल्या पातेऱ्यात ती पडली की वणवा बाहेरून यायची वाट बघावी लागत नाही.

आता छप्पर. कौलं काढू नका ताई, कौल म्हणजे भाजलेली माती, ती काय जळणार. जळतात ते खालचे वासे आणि रिपा, आणि त्यांच्यापर्यंत ठिणगी पोचते ती फटीतून, तुटलेल्या कौलातून, कोन्याखालच्या उघड्या जागेतून, आणि तिथे तिच्यासाठी उंदरांनी जमवलेला कापूस, चिमण्यांची घरटी, वर्षानुवर्षांचा पाला सगळं मांडून ठेवलेलं असतं. पत्रे घातले तरी पन्हाळीच्या टोकाला तशाच उघड्या फटी राहतात, आत तसाच कचरा जमतो, वर उन्हाळ्यात घर तापतं ते वेगळं. खर्च करायचाच असेल तर तो शाकारणीवर करा आणि ती यंदा मे ऐवजी जानेवारीत करा. माणूस मिळणं पण सोपं जातं, मे मध्ये सगळ्यांनाच एकदम हवा असतो. सगळी कौलं खालून झाडून घ्या, फुटकी बदला, कोने सिमेंटने नीट बसवून घ्या, आणि वाश्यांच्या टोकाला, पागोळीखाली जी मोकळी फट दिसते तिला बारीक तारेची जाळी ठोका, भोकं तीन मिलिमीटरच्या आसपास असली पाहिजेत, त्यातून हवा जाते, ठिणगी सहसा नाही जात. मच्छरदाणीची नायलॉनची जाळी नको, ती वितळते. झरोके, पोटमाळ्याची खिडकी, त्यांनाही हीच जाळी. पोटमाळ्यावर काय काय ठेवलंय ते एकदा वर चढून बघा, जुने पेपर, गोधड्या, कापूस, रिकामे खोके, आणि काजूच्या बियांची पोती असतील तर ती आधी खाली आणा, काजूच्या टरफलातलं तेल किती जोरात पेटतं ते काजू भाजणाऱ्या कोणालाही विचारा. जानेवारीत साफ केलं म्हणजे झालं असंही नाही हां, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते, तेव्हा छपरावरचा आणि पन्हळीतला पाला आठवड्यातून एकदा तरी काढावा लागेल. बाबांना वर चढवू नका, वाडीतल्या एखाद्या मुलाला ठरवून पैसे द्या.

पेंढ्याचं आईचं म्हणणं बरोबर आहे, ६८ व्या वर्षी रोज लांबून भारा आणायचा म्हणजे चेष्टा नाही. त्यावर मला सुचतंय ते असं, गोठ्यात दोन दिवसांचा पेंढा, त्याहून जास्त नाही, आणि उडवी घरापासून निदान पन्नास-साठ फुटांवर, मोकळ्या कुणग्यात, म्हणजे रिकाम्या भातखाचरात, झाडाखाली अजिबात नाही. एकच मोठी उडवी घालण्याऐवजी दोन छोट्या घाला, एकमेकींपासून लांब, म्हणजे एक गेली तरी गायीचं वैरण सगळं जाणार नाही. प्रत्येकीच्या भोवती दहा फूट जमीन खरवडून मातीची करा. आणि शेजाऱ्यांशी बोलणं सुरू झालं तर त्यांच्या मुलाला आठवड्यातून दोनदा पेंढा गोठ्यात आणून टाकायला सांगता येईल की, महिन्याला काहीतरी ठरवून द्या. लाकडांची माच पण अशीच, घरापासून तीस फूट तरी लांब, उताराच्या वरच्या अंगाला किंवा बाजूला, खालच्या अंगाला नको, कारण आग खालून वर येते.

आंबे तोडायचं तर मनात पण आणू नका. हिरव्यागार आंब्याला गवताची आग सहजासहजी पेटवू शकत नाही, पेटतो तो त्याच्या खालचा पातेरा, त्याच्यावर चढलेल्या सुकलेल्या वेली, आणि जमिनीला टेकलेल्या सुक्या फांद्या, आणि मग तिथून शिडीवरून चढल्यासारखी आग वर जाते. तेव्हा ती शिडी काढा. खालून सहा-सात फुटांपर्यंतच्या फांद्या छाटा, सुकलेलं सगळं काढा, छपरावर आलेली फांदी निदान दहा फूट मागे घ्या, बुंध्याभोवती पातेरा राहू देऊ नका. पातेरा जाळू पण नका, खड्ड्यात टाकून त्यावर शेण-पाणी शिंपडा, जूनपर्यंत खत होतंय. काजूचं मात्र जरा वेगळं, त्याचा पाला जाडजूड, भरपूर पडतो आणि जोरात जळतो, त्यामुळे घराजवळ काजूची नवी कलमं लावू नका. घराजवळ नीलगिरी किंवा अकेशिया असेल आणि खरंच काही तोडायचंच असेल तर ते तोडा, अकेशियाचा पाला लवकर कुजत नाही, नुसता साचत जातो, आणि नीलगिरीत तेल. बांबूचं बेट घराला लागून असेल तर त्यातले वाळलेले बांबू आणि खालचा कचरा दरवर्षी काढलाच पाहिजे. आणि घराच्या खालच्या बाजूला, जिथून आग येते तिथे, न्हाणीचं आणि मोरीचं पाणी सोडून केळी-अळू-हळदीचा एक पट्टा करा, पाण्यावर वाढलेला हिरवा पट्टा आगीला अडवतो, फक्त केळीची वाळलेली पानं लोंबत ठेवायची नाहीत, नाहीतर केलेलं सगळं फुकट. काट्याकुट्यांची वई घराच्या कोपऱ्याला येऊन टेकली असेल तर शेवटचे दहा फूट काढून तिथे चिऱ्याचा गडगा घाला, वई म्हणजे आगीला घरापर्यंत आणणारी वात असते.

जाळरेषेबद्दल लिहायला लागले तर वेगळा लेख होईल, तरी जेवढं तुम्हाला लागेल तेवढं. गवत हिरवं-पिवळं असताना, म्हणजे डिसेंबरच्या आत, ग्रास कटरने कापून घ्या, घराभोवती सगळीकडे आणि बागेच्या हद्दीवर निदान दहा फुटांचा पट्टा, उताराच्या खालच्या अंगाला दुप्पट. खालच्या अंगाला जास्त का, तर चढावर आग फार वेगात येते, दर दहा अंश चढाला वेग जवळजवळ दुप्पट होतो असा ठोकताळा आहे, आणि तुमचं घर उतारावर, त्यात दुपारी समुद्राकडून वारा. कापलेलं गवत तिथेच पडू दिलंत तर काही उपयोग नाही, ते गोळा करून बाहेर काढायचं आणि पट्टा फावड्याने खरवडून माती दिसेपर्यंत साफ करायचा. बरेच लोक हा पट्टा जाळून करतात, तेच पूर्वापार आहे, वनखातंही करतं, पण ते दहा माणसं, पाण्याचे डबे आणि पहाटेची वेळ असेल तेव्हा. बाबांनी एकट्याने काडी लावायची नाही, हे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. तरव्याची भाजावळ, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं, ते अजून करत असतील तर तिलाही हाच नियम, सकाळी लवकर, भोवती माती दिसणारा पट्टा, शेजाऱ्याला सांगून, आणि विझल्यावर राखेवर हात धरून बघून मगच घरी. सकाळी अकरानंतर काडीपेटी खिशातून काढायची नाही. लाईनच्या तारा बागेवरून जात असतील आणि वाऱ्यात एकमेकींना लागत असतील तर त्यांच्याखालचं गवत आधी कापा आणि वीज कंपनीच्या ऑफिसला लेखी अर्ज देऊन पोच घ्या, नुसता फोन करून भागत नाही.

आता खरी अडचण, शेजारची बंद घरं आणि सामायिक जमिनी. तुमच्या दहा फुटांच्या पट्ट्यापलीकडे पाच एकर गवत उभं असेल आणि त्याच्या सातबारावर सतरा नावं असतील, कोण मुंबईला कोण सुरतेला, तर कापणार कोण? यावर एकच रस्ता मला दिसतो, वाडीच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्ता, नोव्हेंबरमध्येच, विषय काढायचा, दर घरामागे थोडी थोडी वर्गणी काढून दोन ग्रास कटरवाले चार दिवस लावायचे आणि सगळ्या वाडीभोवती एकच सलग पट्टा काढायचा. घरोघर वेगवेगळे पट्टे काढण्यापेक्षा हा स्वस्त पडतो आणि खरंच उपयोगाचा असतो. गवत आपल्या हद्दीत कापलेलं चालणार नाही असं कोणी म्हणालं तर २६ जानेवारीची ग्रामसभा आहे, तिथे विषय लिहून द्या, पंचायतीने ठराव केला की लोकांना नाही म्हणणं जड जातं. ही तारीख मी मुद्दाम सांगतेय कारण तिच्यानंतर तीन आठवड्यांत आगीचा हंगाम सुरू होतो, १ मेच्या ग्रामसभेत हा विषय काढून काय उपयोग. आणि कोणी "आग लावली की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं" म्हणून मुद्दाम लावत असेल तर त्यालाही याच सभेत सगळ्यांसमोर सांगा, राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्यात गुन्हा आहे, दंड आणि कैद दोन्ही आहे. पण पहिल्याच दिवशी पोलिसांची भाषा नको, आधी माणसं जोडा.

पाणी. तुमच्या पत्रात पाण्याबद्दल काहीच नाही म्हणून विचारते, पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, किंवा विहिरीवरून घरापर्यंत काळा पाईप गवतातून जमिनीवर टाकलेला आहे का? कोकणात बहुतेक ठिकाणी असतोच. वणव्यात सगळ्यात आधी तो पाईप वितळतो आणि नेमकं हवं तेव्हा नळाला पाणी नसतं, लाईट पण गेलेली असते म्हणजे पंप बंद. पाईप फूटभर खोल पुरून टाका, निदान गवतातला भाग तरी. आणि फेब्रुवारीपासून अंगणात एक-दोन ड्रम भरलेले, झाकलेले, बाजूला बादल्या, एक हातपंपाचा फवारणी पंप पाणी भरून तयार, तोच आंब्याच्या फवारणीचा, फक्त आधी औषधाचा अंश धुवून. छोट्या ठिणग्या विझवायला फवारणी पंपासारखं सोपं साधन नाही, बाबांना पण पेलेल. गॅसचा भरलेला जादा सिलिंडर मागच्या खोपटात ठेवला असेल तर तिथून हलवा.

आणि आता जे तुम्हाला झोपू देत नाही ते. "घर सोडून जाणार नाही" असं म्हणणारी माणसं मी समजू शकते, ज्या घराची प्रत्येक वीट, म्हणजे चिरा, स्वतः वाहून आणलाय ते कसं सोडवेल. पण त्यांना हे सांगा की घर वाचवायचं काम आग यायच्या आधी होतं, आग आल्यावर नाही. वर सांगितलंय तेवढं केलंत तर घर स्वतःला बऱ्यापैकी सांभाळेल, त्यासाठी बाबांनी डहाळी घेऊन ज्वाळांसमोर उभं राहायची गरज नाही. धूर वाढताना दिसला की बाबांनी तीनच कामं करायची, दारं-खिडक्या बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद, गायीचं आणि पाडीचं दावं सोडायचं. बांधलेलं जनावर जिवंत राहत नाही, सोडलेलं बहुतेक वेळा स्वतः वाट काढतं. मग दोघांनी निघायचं. कुठे ते आधी ठरवून ठेवा, नांगरलेलं शेत, डांबरी रस्ता, शाळेचं मोकळं मैदान, जे जवळ असेल ते, आणि जाण्याची वाट खाली किंवा आडवी, वर सड्याकडे कधीच नाही. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेली माणसं अशीच चढावरच्या गवतात वणव्यात सापडली आणि वीसहून जास्त जीव गेले, तरणीताठी मुलं होती ती. आईला सांगा घरात नेसायचं नायलॉनचं असेल तर त्या दिवसात सुती नेसा, नायलॉन अंगाला चिकटतं. एक पिशवी दाराजवळ खुंटीला, तिच्यात सातबारा, आधार, पासबुक, घरपट्टीची पावती, दोघांची आठवड्याची औषधं, चष्मा, टॉर्च. आणि वाट सगळीकडून बंद झाली, निघणं शक्यच नाही, अशी वेळ आलीच तर उघड्यावर धावण्यापेक्षा भोवती साफ असलेल्या चिऱ्याच्या घरात दारं लावून थांबणं बरं, गवताची आग एका जागी फार वेळ टिकत नाही, काही मिनिटांत पुढे सरकते, मग बाहेर येऊन ठिणग्या शोधायच्या. हा शेवटचा उपाय, पहिला नाही.

आग विझली म्हणून गेल्या वेळेसारखं सगळ्यांनी पाणी प्यायला बसू नका. दोन माणसं तरी त्या रात्री घराभोवती फिरत राहिली पाहिजेत, उडवी, लाकडाची माच, छप्पर, गोठा, जुने बुंधे, जिथून धुराचा बारीक धागा दिसेल तिथे पाणी. विझवणाऱ्यांनाही एक सांगायचं, आगीच्या पुढ्यात चढावर उभं राहून झोडपायचं नाही, बाजूने, जळून काळ्या झालेल्या जमिनीवर पाय ठेवून झोडपायचं. फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, वनखात्याचा १९२६, नाहीतर ११२ किंवा १०१, आणि त्यांच्याआधी वाडीतल्या चार तरुण मुलांचे, कारण पहिल्या अर्ध्या तासात तेच येणार आहेत. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादईच्या अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा पाणी टाकायला हेलिकॉप्टरं आणावी लागली होती, पण तुमच्या वाडीत हेलिकॉप्टर येणार नाही. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे मोबाईल नंबर नोंदवला की उपग्रहाला जंगलात आग दिसल्यावर मेसेज येतो, तो तुमच्या आणि भावाच्या नंबरवर सुरू करून घ्या, पण उपग्रह दिवसातून काही वेळाच वरून जातो तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

विम्याचं भाऊ बघेल, त्याला हे काम द्या. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सरकारी-खासगी जनरल विमा कंपन्यांकडे "भारत गृह रक्षा" नावाची एकसारखी पॉलिसी मिळते, तिच्यात जंगलातल्या वणव्याने झालेलं घराचं नुकसान धरलेलं आहे, आणि घरातल्या सामानाला इमारतीच्या विम्याच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप कव्हर मिळतं. पेंढा आणि झाडं त्यात येतात असं धरून चालू नका, आणि जुनं घर आहे, गोठा कच्चा आहे, हे आधी सांगून लेखी घ्या. आत्ताच घराचे, बागेचे, गोठ्याचे फोटो काढून ठेवा, झाडं मोजून ठेवा, उद्या काही झालं तर तलाठ्याला त्याच दिवशी बोलवून पंचनामा करताना तोंडी आकडे कोणी मानत नाही.

डिसेंबरच्या सुट्टीत भावाला घेऊन चार दिवस जाऊन या. पहिला दिवस भिंतीचे पाच फूट आणि न्हाणीचा कोपरा, दुसरा पोटमाळा, तिसरा उडवी हलवणं आणि पाईप पुरणं, चौथ्या दिवशी आंब्याच्या खालच्या फांद्या आणि संध्याकाळी शेजाऱ्यांकडे. शाकारणीवाल्याला मात्र आजच फोन करून जानेवारीची तारीख घ्या.